चौथ्या ओळीखालची सही

ही गोष्ट मी घरात बोललो नाही. बायको होती तोवर तिला नाही, ती गेल्यावर भिंतीलाही नाही. तुळशीराम माझ्या गोदामात वीस वर्षं गोण्या उचलत होता — त्याला अर्धी दिसत होती, पण मी तोंड उघडलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तुम्ही, हे वाचणारे, माझ्या ओळखीचे नाही. म्हणूनच जमते आहे बहुतेक. ओळखीच्या माणसापुढे माझी मान ताठ होते, जुनी सवय आहे — आणि ताठ मानेनं ही गोष्ट सांगता येत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

चौथीपर्यंत शिकलो मी. बाराखडी आली, पाढे आले, वडील गेले, शाळा सुटली. पण मला कोणी अडाणी म्हटलेलं कधी चाललं नाही. एकदा एका ट्रकवाल्यानं म्हटलं. मे महिन्याची दुपार होती. त्याचा अख्खा ट्रक मी पुन्हा मोजायला लावला, एकेक गोणी, त्याला उन्हात उभं करून. तुळशीराम म्हणाला, जाऊ दे ना गा. मी म्हटलं, काहून जाऊ दे? शेवटी त्या माणसानं हात जोडले तेव्हा मी पावती दिली. असा माणूस मी. हा शब्द ध्यानात ठेवा — अडाणी. पुढे तो मीच वापरला आहे.

आमची कंपनी बांधकामाची. पाण्याच्या टाक्या, पूल, शाळांच्या इमारती. मोठं ऑफिस नागपुरात रामदासपेठेत, आणि सिमेंटचं गोदाम सावनेरच्या रस्त्याला — पत्र्याचं, लांबलचक, उन्हाळ्यात भट्टी. त्या गोदामाचा हिशोब पाहणारा मी नोकर, पण चाल मालकाची. आत शिरल्याबरोबर समोर एक पाटी होती, कोण्या जुन्या साहेबानं रंगवून घेतलेली: जुनी गोणी आधी, नवी नंतर. सिमेंटचं तसंच असते. पावसाळी हवा लागली की गोणीतल्या गोणीत दगड होतो, मग त्याचा उपयोग फक्त दाराला अडसर लावायला. त्याचसाठी गोदामाला दोन दारं होती. पुढच्या दारानं माल आत यायचा, मागच्या दारानं बाहेर जायचा. जो आधी आला तो आधी गेला. कागदावर किती सोपं.

त्या मागच्या दारापाशी मी पुन्हा येईन. आधी त्या कॉम्प्युटरवाल्या पोरीबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल बोलायला लागलं की मला बरं वाटते, आणि बरं वाटलं की पुढचं सांगायची हिंमत येते — म्हणजे येईल असं वाटते.

वसुधा तिचं नाव. नागपुरातल्या महाल भागातली, घरात सगळे कारकून. ती मात्र बाहेरगावी जाऊन कॉम्प्युटर शिकून आली होती, आणि त्या काळी नागपुरात कॉम्प्युटर म्हणजे थंड खोलीत ठेवलेली वस्तू — चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. कंपनीनं नवंच आणलं होतं. मोठ्या साहेबांना गोदामं त्यावर चढवायची होती. बाकीची पोरं म्हणाली, आम्ही लगेच करून देतो, चुका निघतील तशा दुरुस्त करू. ही म्हणाली, नाही. आधी गोदाम कोणते नियम पाळते ते समीकरणांत लिहायचं. ते नियम कागदावर तपासायचे. ते खरे ठरले की मगच मशीनला हात लावायचा. साहेब हसले म्हणे. पण तिला एक गोदाम दिलं, आमचं, करून दाखवायला. ते जमलं तर लोखंड, पाइप, टायर, सगळी गोदामं तिच्या पद्धतीनं होणार होती, आणि काम तिच्या हाताखाली. नाही जमलं तर ती हजेरीचे आकडे टाइप करायच्या टेबलावर. हे तिनंच मला सांगितलं, पहिल्याच आठवड्यात, डबा खाताना. लपवून ठेवलं नाही काही.

डबा ती आमच्यातच खायची. पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी खुर्ची पुसली, तर ती हमालांमध्ये पोत्यावर जाऊन बसली. एकदा कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन आली, सगळ्यांना पुरेल एवढी. तुळशीरामनं चार खाल्ल्या आणि म्हणाला, बाई, हे तुमचं गणित लवकर संपवू नका.

आता तिचं काम कसं होतं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मला ते नीट येते. हे नीट वाचा — मला ते येते, आणि तेव्हाही येत होतं. सगळी गोष्ट यावरच आहे.

ती म्हणाली, "कवडूजी, तुम्ही गोण्या कशा रचता, कुठे रचता, ते मला सांगू नका. गोणी आत टाकली, गोणी बाहेर काढली, तर पुढे कोणती निघणार — एवढंच सांगा."

मला नवल वाटलं. आजवर जो साहेब आला त्यानं कसं-कसं हेच विचारलं होतं. ही म्हणे कसं नको, फक्त काय होते ते. तिनं टेबलावर काडीपेट्या मांडल्या. एकेक पेटी म्हणजे एकेक गोणी. शब्द फक्त चार ठेवले: रिकामं, टाक, काढ, पुढची. पुढची म्हणजे जी आता बाहेर जाणार ती. आणि मधे दोन काड्या आडव्या, एकीखाली एक. ते बरोबरचं चिन्ह. त्याच्या डाव्या अंगाला जे लिहिलं ते आणि उजव्या अंगाला जे लिहिलं ते एकच, म्हणजे कधीही, कुठेही, एकाच्या जागी दुसरं ठेवा, काही बिघडणार नाही. अशी ताकद त्या दोन काड्यांची.

पहिली ओळ: रिकाम्या गोदामातून काढ — तर चूक. ही मीच सांगितली. रिकाम्यातून काय काढणार? ती म्हणाली, बरोबर, पण मशीनला हे कोणी सांगत नाही आणि मग ते उणे एक गोणी दाखवते. दुसरी ओळ: रिकाम्यात एक टाकली, तर पुढची तीच. तिसरी: रिकाम्यात एक टाकली आणि काढली, तर पुन्हा रिकामं. या तीन ओळी दोन दिवसांत झाल्या. मग ती मला गंमत दाखवायची. गोदाम न पाहता, नुसत्या ओळींवरून, एकेक तुकडा बदलत जायचा आणि शेवटी उत्तर निघायचं. मी तिच्याआधी उत्तर सांगायला लागलो. एकदा तर तिची रीत चुकली आणि मी बोट ठेवलं. तिनं कागद पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली की तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे दिसलं नसतं.

काय सांगू तुम्हाला. त्या दिवशी मी सायकलवर बसून घरी गेलो की उडत गेलो, आठवत नाही.

घरी बायकोला पोळ्यांच्या डब्यावर शिकवलं. म्हटलं, बघ, तू डब्यात पोळी टाकली, आणि मग काढली, तर कोणती निघते? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वरची. खालची तशीच राहते अन् शिळी होते. हे मले लग्न झाल्यापासून माहीत आहे जी. तुमच्या गोदामात काही वेगळं होते काय?"

मी जेवण तसंच टाकून उठलो. तिला वाटलं मीठ जास्त झालं.

होय. आता येतो मागच्या दारापाशी.

ते दार बंद होतं. कधीपासून? एका पावसाळ्यात मागच्या रस्त्याला खड्डा पडला, ट्रक तिकडे लागेना. म्हणून महिनाभर आम्ही पुढूनच काढू लागलो. खड्डा बुजला, पण सवय लागली होती. पुढून टाकायचं, पुढूनच काढायचं, हमालांची अर्धी चाल वाचायची. मग मागच्या दाराला थप्पी टेकली, छतापर्यंत. कडी गंजली. जी गोणी आज आली ती उद्या गेली. जी मागे गेली ती मागेच. पाटीवर एक, गोदामात उलटं.

निभत कसं होतं? पावसाळ्याच्या तोंडावर मी दोन दिवस जास्तीचे हमाल मागून घ्यायचो, साफसफाईचं नाव सांगून, आणि सगळी थप्पी पालटायचो. मागचं पुढे, पुढचं मागे. जुन्या गोण्या गटार, फरशी अशा किरकोळ कामांना काढून द्यायचो. कुणाला कळलं नाही. जो साहेब यायचा तो पाटीकडे पाहायचा, म्हणायचा, कवडूजी, जुनी आधी ना? मी म्हणायचो, हो साहेब. इतक्या वेळा म्हटलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. असं होते का हो? तुमचं झालं आहे कधी?

चौथी ओळ ती एका सोमवारी घेऊन आली. सकाळची वेळ होती, हमाल यायचे होते, आम्ही दोघंच. तिनं तीन काडीपेट्या ओळीत मांडल्या, चौथी हातात धरली. म्हणाली, "गोदामात आधीच माल आहे, कवडूजी. त्यात ही नवी टाकली. आता पुढची कोणती?"

एवढाच प्रश्न. उत्तर दोनच. आता टाकली ती — किंवा, जी आधी पुढे होती तीच. ती म्हणाली, घाई नको, या एका ओळीवर बाकी सगळं उभं राहते. दोन दारांचं गोदाम आहे की एकाच तोंडाची विहीर आहे ते हीच ओळ ठरवते. तिला दोन्ही चालत होतं, हो. दोन्हींची समीकरणं तिच्याकडे तयार होती. मी खरं सांगितलं असतं तर तिनं नाक मुरडलं नसतं. वहीत दुसरी ओळ लिहिली असती, एवढंच. आणि मशीननं मला वेळेवर सांगितलं असतं, कवडूजी, मागे जुना माल अडकला आहे, थप्पी पालटा. जे मी चोरून करत होतो ते उजेडात झालं असतं.

मग का नाही सांगितलं?

ती माझ्याकडे पाहत होती. जसं विद्यार्थी मास्तरकडे पाहते तसं. वीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. आणि तिच्या मागे भिंतीवर ती पाटी होती. पाटी, तिचे डोळे, आणि मधे मी. मी तिच्या हातातली पेटी घेतली, ओळीच्या शेवटी ठेवली, आणि पहिल्या पेटीवर बोट ठेवून म्हटलं, "जी आधी पुढची होती तेच. नवी मागं राहीन. आमच्या इथं दोन दारं हाय, बाई."

तिनं लिहून घेतलं. मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता: माल असलेल्या गोदामात टाकली, तर पुढची बरोबर जी आधी पुढची होती ती. ती म्हणाली, ही वही तुमचीही आहे, खाली सही करा. मी सही केली. कवडू. डूचा शेपटा लांब ओढला, मला तसा आवडतो.

त्या दिवशी तिला एकच गोष्ट करायची राहिली. गोदामाच्या मागे चक्कर मारायची. तिनं मारली नाही. कवडूजींनी सांगितलं, झालं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. रामदासपेठेहून रोज छापील चिठ्ठी यायची. प्रत्येक ट्रकच्या मालाला खेपेचा आकडा दिलेला, आम्ही तो गोणीवर खडूनं लिहायचो. पहिल्या दिवशीची चिठ्ठी: खेप एकच्या चाळीस गोण्या द्या. खेप एक कुठे होती? अगदी मागे, गंजलेल्या दाराला टेकून. मी दाराजवळच्या खेप सहाच्या चाळीस दिल्या आणि चिठ्ठीवर खेप एकच्या पुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मशीन बिचारं विश्वासानं लिहीत गेलं, खेप एक संपली, खेप दोन संपली. आणि त्या खेपा मागे बसून होत्या, खडूचे आकडे पुसत चाललेले.

ती पंधरा-पंधरा दिवसांनी यायची, कागद पसरायची. म्हणायची, कवडूजी, एकही चूक नाही, एकही. साहेब आता हसत नाहीत. मला चहा पाजायची. मी प्यायचो.

मग पावसाळा तोंडावर आला. आता हमाल कसे मागू? कशासाठी? कागदावर मागे जुना माल नव्हताच. जी गोणी संपली आहे ती पालटायला माणसं कोण देईल? तुळशीराम एकदा म्हणाला, काहून गा, यंदा थप्पी पालटायची नाही काय? मी म्हटलं, आता मशीन पाहते. त्यानं मागच्या थप्पीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तंबाखू चोळत निघून गेला. मी म्हटलं ना, अर्धी त्याला दिसत होती.

दसऱ्यानंतर सावनेरकडे एका टाकीचा स्लॅब निघाला. स्लॅब सुरू केला की थांबवता येत नाही, सलग पडावा लागते. साहेबांनी मशीनला विचारलं, गोदामात ताजा माल किती? मशीननं सांगितलं, पुरेल तितका, सगळा पावसाळ्यानंतरचा. सकाळी काम सुरू झालं. दुपारपर्यंत दाराजवळच्या ओळी संपल्या. मागच्या निघाल्या. तुळशीरामनं पहिली गोणी पाठीवर घेतली आणि तशीच परत खाली ठेवली. पाठीला कळते ते. दगड होता. दुसरी दगड. तरी ट्रक भरून पाठवल्या, कारण थांबा म्हणायला तोंड लागते. सावनेरला त्या फोडून पाहिल्या, चाळून पाहिल्या, आणि स्लॅब अर्ध्यात थांबला. पुढे तो अर्धा तोडावा लागला. कोणाला लागलं-सवरलं नाही, एवढी देवाची कृपा. पण तोडलेला स्लॅब पाहायला सगळी कंपनी गेली, आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं. माझं नाही.

मला रामदासपेठेत बोलावलं. साहेबांची खोली. ती एका बाजूला उभी, बसायला सांगितलं नव्हतं तिला. टेबलावर वही उघडी, चौथी ओळ, खाली कवडू, लांब शेपटा. साहेब तिला म्हणत होते की सूत्रांनी गोदामं चालत नसतात. ती एवढंच म्हणत होती की ओळी बरोबर आहेत, ओळींतून जे निघायला हवं तेच निघालं आहे, मग माल वेगळा का निघाला ते शोधू द्या. साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली. विचारलं, ही सही तुमची? हे तुम्ही सांगितलं होतं का, की जुनीच आधी निघते?

मी काय काय बोलू शकत होतो? हो, मीच सांगितलं, आणि ते खोटं होतं. एक वाक्य. फार तर नोकरी गेली असती, आणि तीही गेली नसती कदाचित.

मी म्हणालो, "साहेब, मी अडाणी माणूस. बाईनं इथं सही करा म्हटलं, मी केली. ते चिन्हं-बिन्हं मले काय समजते?"

हेच ते. इथे यायला मला एवढे कागद लागले.

ज्या शब्दासाठी मी एका माणसाला उन्हात उभं केलं होतं, तो शब्द मी आपल्या तोंडानं, आपल्या अंगावर घेतला. चादरीसारखा. आणि तो शब्द खोटा होता. त्या खोलीत ते खोटं आहे हे माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. मी चौथी ओळ न अडखळता वाचली होती तिच्यापुढे. तिची चूक मी पकडली होती. ती म्हणू शकत होती, साहेब, यांना वाचायला लावा. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तीन ओळी बरोबर याव्यात आणि चौथी जुळू नये तेव्हा ती कागदाकडे जसं पाहायची, तसं. मग तिनं वही मिटली. एका म्हाताऱ्याला साहेबांपुढे परीक्षेला उभं करणं तिच्यानं झालं नाही. साहेब म्हणाले, जा कवडूजी, तुमचा काही दोष नाही. मी बाहेर येऊन चपला घातल्या, उलट्या घातल्या, आणि तशाच पायात फाटकापर्यंत गेलो.

तिला हजेरीच्या टेबलावर बसवलं. बाकीच्या पोरांनी आपल्या रीतीनं गोदामं चढवली.

दोन महिन्यांनी ती गोदामावर आली. दुसरीकडे नोकरी लागली होती, नागपूर सोडत होती. मला वाटलं, निरोपाला आली. चहा मागवला. ती म्हणाली, थांबा, आणि गोदामाच्या मागे गेली. मी मागोमाग गेलो, काय करणार. मागच्या दारापुढे बोरीचं झाड उगवलं होतं. ऐन उंबरठ्यावर, तिच्या छातीएवढं, बोरांनी भरलेलं. दार उघडायचं तर आधी ते तोडावं लागलं असतं.

तिनं एक बोर तोडलं, लहान पोरीसारखं पदराला पुसलं, खाल्लं. म्हणाली, "गोड आहे. किती वर्षांची असेल हो ही बोर?"

मी म्हटलं, "चार. नाही तर पाच."

ती हसली. खरंच हसली, वाईट नाही. म्हणाली की चूक तिचीही आहे. कसं ठेवता ते नको म्हणाली, ते लिहिण्यापुरतं ठीक, पण एक चक्कर मारायला काय हरकत होती. असं सगळं स्वतःवर घेत होती आणि मी ऐकत उभा होतो. मग पिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्याच तीन ओळी, आणि चौथी बदललेली. म्हणाली, वाचून पहा, आता बरोबर आहे का. बरोबर असेल तर सही करा. साहेबांना पाठवीन. तिला परत ते काम नको होतं. फक्त तिच्या रीतीवरचा डाग निघाला असता, आणि तिच्या मागून कोणी तशा ओळी घेऊन आलं तर त्याला दाराबाहेर काढलं नसतं.

मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, "चष्मा नाही आणला, बाई."

चष्मा माझ्या खिशात होता. त्याची एक काडी बाहेर आलेली होती. तिनं काडीकडे पाहिलं, मग बोरीकडे पाहिलं. "असू द्या," म्हणाली. "कागद तुमच्याकडेच ठेवा." चहा पूर्ण प्यायली, तुळशीरामची चौकशी केली, बायकोची केली, आणि वाकून माझ्या पाया पडली. पडू दिलं मी.

त्यानंतर तिची भेट नाही. मी रिटायर झालो तेव्हा मला शाल मिळाली, आणि साहेब भाषणात म्हणाले की कवडूजींनी आयुष्यभर जुनी गोणी आधी दिली. टाळ्या झाल्या. तुळशीराम टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या हातात तंबाखू होता, असं मी स्वतःला सांगितलं.

कागद ट्रंकेत होता. बायको गेल्यावर ट्रंक आवरताना वर आला, पुन्हा खाली ठेवला. आज काढला आहे. शाई फिकी झाली, पण त्या दोन काड्या अजून सरळ आहेत. चष्मा लावला आहे. वाचतो, मोठ्यानं, घरात कोणी नाही:

माल असलेल्या गोदामात टाकली, तर पुढची बरोबर जी आता टाकली ती.

बरोबर आहे. खाली सही केली. शेपटा ओढला नाही.

कवडू